पावसांतील क्योतो : जुनें कशास म्हणावें?

जपानांत जूनच्या सुमारास लागणारा पाऊस आपल्या मृगाच्या सरींसारखा गर्जत येत नाहीं. तो सकाळीं हळूच सुरू होतो आणि दिवसभर धार धरून राहतो. ‘उमे’ नांवाचें आंबट फळ त्या दिवसांत पिकतें, म्हणून त्या पावसाचें नांव ‘उमे’ व ‘पाऊस’ अशा दोन अक्षरांनीं लिहितात. अशाच एका दिवशीं आम्ही सहकुटुंब क्योतो नगरींत होतों. इ. स. ७९४ पासून हजारांहून अधिक वर्षें ही नगरी जपानच्या सम्राटांची राजधानी म्हणून नांदली. आमच्या हातीं मात्र दिवस एकच होता. मातोश्रींचे गुडघे दुखत होते आणि मुलांच्या आईचें म्हणणें पडलें कीं आज बाहेर पडूं नये. तरी मीं हट्टानें सर्वांच्या हातीं छत्र्या दिल्या.

प्रथम आम्ही किंकाकु-जी, म्हणजे सुवर्णमंडप, पाहावयास गेलों. शोगुन आशिकागा योशिमित्सु ह्यानें इ. स. १३९७ मध्यें येथें आपला प्रासाद उभारण्यास आरंभ केला. मंडपाच्या वरच्या दोन मजल्यांस सोन्याचा वर्ख आहे, आणि पुढील तळ्याच्या नांवांतच ‘आरसा’ हा शब्द आहे. त्या आरशांतील सोनेरी प्रतिबिंब पाहावें ही आमच्या चिरंजीवांची फार दिवसांची इच्छा. परंतु पावसाच्या थेंबांनीं आरसा पार मोडून टाकिला होता. त्यांत मी सहज सांगून बसलों कीं, मूळचा मंडप इ. स. १९५० च्या जुलै महिन्यांत तेथीलच एका तरुण शिष्यानें आग लावून जाळिला, आणि समोर दिसतो तो १९५५ सालीं पुन्हां बांधलेला आहे. मुलगा जागींच थांबला. “मग बाबा, हा तर आजीपेक्षांहि लहान! नक्कल पाहण्यासाठीं आपण इतके भिजलों काय?”

मला उत्तर सुचलें नाहीं. पुढील वाट आम्ही मुकाट्यानें चाललों.

दुपारीं सांजूसांगेन्दो ह्या मंदिरांत गेलों. सुमारें १२० मीटर लांबीच्या त्या लांकडी दालनांत कान्नोन ह्या देवतेच्या १००१ मूर्ति आहेत. हा कान्नोन म्हणजे आपल्याच देशांतून तिकडे गेलेला अवलोकितेश्वर बोधिसत्त्व. हें मंदिर इ. स. ११६४ चें, परंतु १२४९ सालीं तें जळालें आणि १२६६ मध्यें पुन्हां उभें राहिलें. उभ्या मूर्तींपैकीं १२४ आगीपूर्वींच्या आहेत, बाकी बहुतेक नंतर घडविल्या. मध्यभागीं बसलेली मोठी मूर्ति तांकेइ नांवाच्या शिल्पकारानें आपल्या ८२ व्या वर्षीं पुरी केली. हें ऐकून मातोश्री तिच्यापुढें बराच वेळ उभ्या राहिल्या. गुडघ्यांची तक्रार त्यांनीं त्यानंतर केली नाहीं.

सायंकाळीं कियोमिझु ह्या टेंकडीवरील मंदिराच्या वळचणीस आम्ही उभे होतों. पाऊस भरांत होता, आणि छपरावरून पाण्याची झालर गळत होती. मुख्य मंदिराची सध्यांची इमारत इ. स. १६३३ ची आहे. तिचें छप्पर हिनोकी वृक्षाच्या सालीचें असून तें १९५० किंवा १६३३ सालचेंहि नव्हे; इ. स. २०२० मध्यें संपलेल्या कामांत तें नव्यानें शाकारलेलें आहे. ही साल जिवंत झाडावरून, झाडास इजा न होईल अशा हातोटीनें काढितात. झाड सत्तर-ऐशीं वर्षांचें झाल्याखेरीज त्यास हात लावीत नाहींत. पुढें आठ-दहा वर्षांत नवी साल येते, ती पुन्हां काढितां येते. छप्पर कांहीं दशकांनीं झिजतें, म्हणून साल काढणारे, ती कापणारे व बसविणारे कारागीर प्रत्येक पिढींत तयार करावे लागतात. लांकडी वास्तु जतन करण्याच्या अशा परंपरागत कौशल्यांस युनेस्कोनें २०२० सालीं मानवजातीच्या वारशांत गणिलें.

येथें मातोश्रींनीं नातवास विचारिलें, “आपल्या घरची गोधडी कोणाची रे?”

“पणजीची.”

“तिचें वरचें लुगडें मी दोनदां बदललें, आंतल्या चिंध्याहि बदलल्या. मग ती पणजीची कशी?”

मुलगा हंसला, पण विचारांत पडला; आणि खरें सांगावयाचें तर मीहि पडलों.

माझें मत आतां असें झालें आहे कीं, जुनेपण हें केवळ लांकडांत किंवा दगडांत नसतें; तें पिढ्यानुपिढ्या घेतलेल्या काळजींत असतें. मात्र कोणतीहि रंगरंगोटी म्हणजे जीर्णोद्धार नव्हे. सुवर्णमंडप पुन्हां बांधतांना पूर्वींच्या एका मोठ्या दुरुस्तीच्या वेळीं काढलेले आराखडे हातीं होते, म्हणून तें रूप परत आणितां आलें. आराखडा, मूळचें साहित्य आणि शिकलेला हात ह्यांवांचून केलेलें नवें काम ही नक्कलच होय.

इ. स. १९४५ मध्यें अणुबाँबच्या लक्ष्यांच्या यादींतून अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिमसन ह्यांनीं क्योतोचें नांव काढविलें, हें त्या नगरीचें भाग्य. परंतु इ. स. १४६७ पासून दहा वर्षें चाललेल्या यादवींत तिची राखरांगोळी झालीच होती. संकटांतून वाचणें कधीं दुसऱ्याच्या हातीं असतें. वाचलेलें टिकविणें मात्र आपल्याच हातीं असतें.

विद्यार्थिमित्रहो, २०२५ सालीं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें, त्यांतील अकरा महाराष्ट्रांत आहेत. आपणांस अभिमान वाटला, तो योग्यच. परंतु ज्या तटावर आपण खिळ्यानें आपलें नांव कोरितों, त्या तटाचा अभिमान कोणत्या तोंडानें सांगावा? पालकांसहि विनंति कीं, मुलांस ऐतिहासिक स्थळीं नेतां तेव्हां तें किती जुनें आहे एवढेंच सांगूं नका. तें आजपर्यंत कोणीं सांभाळलें, हेंहि सांगा. आणि पावसास भिऊन घरीं बसूं नका. छप्पर कशासाठीं असतें, तें पावसांतच कळतें.

घरीं परतल्यावर त्या गोधडीस एक ठिगळ लावावयाचें होतें. मातोश्रींस सुई ओंवून देण्याचें काम ह्या खेपेस चिरंजीवांनीं आपण होऊन घेतलें.