अंबरनाथचा फारुख आणि आपल्या मैदानातली पोरं

"सर, फुटबॉल खेळून पोट भरतं का?" हिंगोलीतल्या एका पालकाने परवा मला विचारले. पोरगा आठवीत, कडेने असा पळतो की मागचे दोघे धापा टाकतात. मी फारुख चौधरीचे नाव घेतले. त्यांनी ऐकलेच नव्हते. क्रिकेटवाल्यांची नावे मात्र तोंडपाठ!

फारुख १९९६ चा, अंबरनाथचा. विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने चेंडू घेऊन घुसणारा. २०१७ मध्ये जमशेदपूर एफसी, २०१८ मध्ये ढाक्याच्या सॅफ स्पर्धेत भारताची जर्सी. २०२०-२१ मध्ये तो मुंबई सिटीत होता, त्या वर्षी त्यांनी लीग आणि ट्रॉफी दोन्ही जिंकल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये काठमांडूत नेपाळविरुद्ध देशासाठी गोल केला. मग गुडघ्याची दुखापत. पुढचा गोल थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये, व्हिएतनाममध्ये: सुरेश सिंगचा लांब पास आणि पुढे आलेल्या गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद चेंडू जाळ्यात. सामना १-१.

दोन गोलांच्या मध्ये तीन वर्षे. पालकांनी माझ्या मते हेच बघावे. विंगरची सगळी पुंजी वेगात, आणि वेग गुडघ्यात.

गुडघा शाबूत असला तरी लीग हवी ना! जुलै २०२५ मध्ये आयएसएलच थांबली. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांचा करार डिसेंबरात संपणार होता, पुढचे काही ठरले नव्हते. बेंगळुरू एफसीने तर खेळाडूंचे पगार थांबवले. लीग सुरू झाली ती फेब्रुवारी २०२६ मध्ये, तीही छोटी होऊन. घर चालवणाऱ्या पोराने इतके महिने काय खायचे?

म्हणून मी त्या अब्बांना "खेळू द्या" म्हणालो, पण "शाळा सोडून" नाही. पुण्यात बालेवाडीला सरकारी क्रीडा प्रबोधिनी आहे, तिथे खेळासोबत शिक्षण होते. कोल्हापूरचा विंगर अनिकेत जाधव त्याच वाटेने २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापर्यंत गेला. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षणही आहे, पण त्यासाठी शिक्षणाचे आणि स्पर्धेचे प्रमाणपत्र जपून ठेवावे लागते. आपल्याकडे नेमके तेच हरवते.

अंबरनाथच्या पोराला मुंबईचे मैदान लोकलच्या अंतरावर. आपल्या पोराला पुणे म्हणजे रात्रभराचा प्रवास. त्याचे भाडे कोण भरणार, यावर आम्ही दोघे शाळेच्या फाटकात बराच वेळ बोलत उभे होतो.