टोंकिनची वाट कशाला पाहायची?

बांबूचा फ्लाय रॉड, म्हणजे मासे धरायची गळाची काठी, करायला घेतलेल्या कारागिरांची पत्रे येतात, तेव्हा बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडलेली असते. टोंकिन बांबू मिळत नाही, आणि बारा फुटी सोट एकसंध मागवायचा म्हटला तर वाहतुकीचाच खर्च डोईजड होतो. आमचे मत स्पष्ट आहे. पहिल्या रॉडसाठी टोंकिन मागवूच नका.

टोंकिन उत्तम, यात वाद नाही. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला हा बांबू सरळ वाढतो, त्याच्या गाठी बेताच्या आणि बाहेरचे तंतू दाट. पण ज्या अमेरिकेत ही विद्या वाढली, तिथे तिची सुरुवात टोंकिनवर झाली नाही. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टनचे सॅम्युएल फिलिप १८४० च्या दशकात कामट्या जोडून रॉड करू लागले, पुढे १८७० च्या दशकात मेनमधल्या हायरम लिओनार्ड यांनी कामट्या तासायला यंत्र लावले, तेव्हा माल जात होता तो कोलकात्याहून. ‘कॅलकटा केन’ हे त्याचे बाजारातले नाव. तो म्हणजे आपला मानवेलच, असे सामान्यतः मानतात. टोंकिनने त्याची जागा नंतर घेतली. १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, तो १९७१ पर्यंत. ज्यांच्याकडे जुना साठा होता ते तगले, बाकीच्यांपैकी अनेकांनी फायबरग्लास धरला. एकाच मुलखातल्या मालावर सगळी भिस्त ठेवली की असे होते.

मानवेलाला दोष आहेत. गाठी फुगीर, सोट बरेचदा वाकडा. पण खरेदी करताना आपण भलतेच पाहतो. जाड भिंतीचा, जवळजवळ भरीव नर बांबू हातात घेतला की समाधान वाटते. रॉडला त्या जाडीचा काही उपयोग नाही. सहा त्रिकोणी कामट्यांचा रॉड टोकाशी पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे तिथली प्रत्येक कामटी जेमतेम ०.९ मिलिमीटर खोल. मुठीजवळ ती चार मिलिमीटरपर्यंत जाते. रंधा चालतो तो आतल्या बाजूंवर, सालीकडच्या पाठीला हात लावायचा नाही. तेव्हा सोटाचे ताजे कापलेले टोक ओले करा, भिंग धरा आणि सालीपासून आत काळसर ठिपके, म्हणजे तंतू, किती अंतरापर्यंत दाट आहेत ते बघा. ते चार मिलिमीटर दाट असतील तर सोट घ्या. नसतील तर तो कितीही जाड, कितीही स्वस्त असला तरी तट्ट्याला जाऊ द्या. तीन वर्षांच्या आतला कोवळा बांबू तर मुळीच नको, तो वाळताना आक्रसतो.

फोडायचे काम बुरुडाकडे द्या, आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. तंतूच्या ओघाने सरळ कामटी काढणारा हात जवळच्या बुरूड आळीत असताना परदेशी फोडणी-यंत्राची चित्रे पाहत बसणे आम्हाला समजत नाही.

कामट्या तासायच्या साच्याचे म्हणाल, तर विकतचा पोलादी साचा हाच या कामातला सर्वांत मोठा खर्च. कच्च्या तासणीला शिसवाच्या पट्टीत साठ अंशांची खाच पुरते. अखेरच्या तासणीसाठी ब्राइट बारच्या दोन पट्ट्या आणून दर पाच इंचांवर ओढणारा आणि ढकलणारा असे दोन स्क्रू बसवून घ्या. औद्योगिक वसाहतीतला कोणताही चांगला फिटर हे करून देतो. कामटी तिन्ही बाजूंनी व्हर्नियरने मोजा, तिन्ही मापे सारखी आली की कोन बरोबर. पैसे टाकायचे ते रंध्याच्या पात्यावर आणि धारेच्या दगडावर. तिथे काटकसर केली तर गाठीपाशी तंतू उपटले जातात आणि ती कामटी फुकट जाते.

बाकीचे फारसे अवघड नाही. चिकटवायला सावकाश सुकणारे एपॉक्सी वापरा, सुतारकामाचा साधा पांढरा गोंद ओलाव्यात दगा देतो. गुंडाळायला बारीक, घट्ट पिळाचे रेशीम घ्या. सैल पिळाच्या रेशमाची लव वॉर्निशखाली उभी राहते. जोडाच्या जर्मन सिल्व्हरच्या नळ्या महाग पडतात. पहिल्या रॉडला त्या नकोतच. दोन तुकड्यांची टोके लांब तिरकी तासून, एकावर एक ठेवून पट्टीने बांधली तरी चालते. स्कॉटलंडमधले सामनचे लांब रॉड असे बांधूनच वापरले जात.

आता मालाविषयी. मेंढा (लेखा) ग्रामसभेने २०११ मध्ये आपल्या वनहक्कातला बांबू स्वतः विकायला सुरुवात केली, आणि त्यानंतर गडचिरोलीतल्या इतरही ग्रामसभा या व्यवहारात उतरल्या. त्यांच्याकडे थेट मागणी नोंदवा, सोट निवडून घेण्याची मुभा मागा आणि त्या निवडीचे वेगळे पैसे द्या. तोड हिवाळ्यातली हवी. उन्हाळ्यातल्या बांबूत पिष्ट जास्त असते आणि त्याला भुंगा लवकर लागतो. माल आला की सोटाला एक उभी चीर देऊन सावलीत आडवा वाळत ठेवा, म्हणजे तो भलतीकडे तडकणार नाही.

या हिवाळ्यात आपापल्या भागातल्या मानवेलाचा, माणग्याचा किंवा कटांगचा वीतभर तुकडा, गावाचे नाव आणि तोडीचा महिना लिहून आमच्याकडे पाठवा. दाट तंतूंची खोली मोजून ती मापे आम्ही अंकात छापू.