पाचवीचे निसटते शून्य

पाचवीची परीक्षा जवळ आली की घरोघर पाढ्यांचा गजर सुरू होतो. (आमच्या आजोबांना औटकीसुद्धा तोंडपाठ होती, पण ती इथे कामाची नाही.) मी मुलांना एकच भागाकार घालतो : ६१८ भागिले ६. पुष्कळ हुशार मुले झटकन १३ लिहून मोकळी होतात. पाढा पक्का असतो. मधल्या १ ला भाग जात नाही, म्हणून मांडायचे शून्य तेवढे गळते. वाचकहो, तिथे रागावू नये. ‘६१८ रुपये सहा जणांत वाटले, तर वाट्याला तेराच कसे रे?’ एवढेच विचारावे. शंभर-शंभर तर सहज पुरतात! मूल थबकते आणि आपणच खोडरबर शोधू लागते. हेच शून्य पुढे दशांशांत गळले, तर एक रुपया तीन पैशांचे बघता बघता एक रुपया तीस पैसे होतात.