दगड आणि पेढे

२० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर रेल्वे स्थानकात संतप्त जमावाने पोलिसांवर दगडफेक केली. त्यात वीसहून अधिक पोलीस जखमी झाले. त्यानंतर चौतीस दिवसांनी, २३ सप्टेंबरच्या रात्री, त्याच शहरात पोलिसांच्या नावाने फटाके फुटले व पेढे वाटले गेले. दगड मारणारे आणि पेढे वाटणारे हात तेच होते, असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु दोन्ही वेळी उमटलेली भावना एकाच समाजाची होती. एका महिन्यात पोलीस आपल्याला वैरी वाटले आणि पुढच्याच महिन्यात तारणहार. असे का घडते, आणि ख्रिस्ती श्रद्धावंत या नात्याने आपण त्याकडे कसे पाहावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

बदलापुरात काय घडले?

शाळेत शिकणाऱ्या दोन चिमुकल्या मुलींवर शाळेतीलच एका सफाई कामगाराने अत्याचार केल्याची तक्रार घेऊन पालक पोलीस ठाण्यात गेले, तेव्हा त्यांना तासन्‌तास ताटकळत बसावे लागले. गुन्हा नोंदविण्यास झालेला हा विलंब लोकांच्या उद्रेकाचे एक प्रमुख कारण ठरला. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली व पोलिसांना खडे बोल सुनावले. संबंधित पोलिसांना निलंबित करण्यात आले. लोकांच्या रागाला आधार होता, हे मान्य केलेच पाहिजे. आपल्या लेकरावर असा प्रसंग आल्यावर कोणता बाप शांत राहील? परंतु दगड कोणाला लागले? स्थानकात बंदोबस्तासाठी उभ्या असलेल्या शिपायांना. त्यांत रेल्वे पोलीसही होते. त्या रखडलेल्या तक्रारीशी त्यांचा काय संबंध होता? त्यांच्या अंगावर तोच खाकी गणवेश होता, एवढाच.

२३ सप्टेंबर रोजी आरोपीला तळोजा कारागृहातून नेत असताना मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गोळीबारात त्याचा मृत्यू झाला. त्याने पोलिसाचे शस्त्र हिसकावून गोळ्या झाडल्या, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली, असे पोलिसांचे म्हणणे. पुढे, जानेवारी २०२५ मध्ये, दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल उच्च न्यायालयात सादर झाला. त्यात त्या वेळी वाहनात असलेल्या पाच पोलिसांना या मृत्यूस जबाबदार धरण्यात आले. त्यांचा दोष ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे. तो अधिकार आमचा नाही. पण पेढे वाटणारे कोणत्याही अहवालासाठी थांबले नव्हते. आणि त्या दोन मुलींना काय मिळाले? त्यांच्यावरील अत्याचाराचा पुरावा भर न्यायालयात तपासला जाऊन त्या आरोपीविषयी न्यायाधीशांनी निकाल द्यावा, हा त्यांचा हक्क त्या रात्री कायमचा हिरावला गेला.

असे प्रथमच घडले असेही नाही. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ बलात्कार व खुनाच्या प्रकरणातील चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी ठार झाले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती व्ही. एस. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. मे २०२२ मध्ये आयोगाचा निष्कर्ष जाहीर झाला : आरोपींना ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. फुले तोवर कधीच सुकून गेली होती.

मृतांची वाटणी

पोलिसांवरील हिंसेचा इतिहास आपल्या राज्यात जुना आहे. ५ जुलै २००६ रोजी भिवंडीत कबरस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन नागरिक मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर जमावाने दोन पोलीस शिपायांची निर्घृण हत्या केली. एका शहरात, एकाच वादातून चार घरे उजाडली. पण लोकांच्या बोलण्यात हे चार मृत्यू एकत्र क्वचितच आले. काहींनी दोन नागरिकांचा शोक केला, तर काहींनी दोन शिपायांचा. जणू मृतांचीही आपसांत वाटणी झाली होती.

११ ऑगस्ट २०१२ रोजी मुंबईत आझाद मैदानावर हिंसाचार झाला. दोन जण दगावले आणि पन्नासहून अधिक जखमी झाले. जखमींत पोलिसांचीच संख्या मोठी होती. महिला पोलिसांचा विनयभंग झाला. तत्कालीन पोलीस आयुक्त अरूप पटनाईक यांनी आपल्या माणसांना आवरले म्हणून मोठा रक्तपात टळला, असे काहींनी म्हटले. इतरांनी त्यालाच दुबळेपणा म्हटले. दोन आठवड्यांच्या आत आयुक्तांची बदली झाली. त्या दिवशी जमावावर सरसकट गोळीबार झाला असता, तर त्याबद्दलही पोलिसांनाच जाब विचारला गेला असता. संयमाची किंमत त्यांनी मोजायची आणि बळाच्या वापराचीही त्यांनीच.

२३ ऑगस्ट २०१६ रोजी खार येथे हेल्मेट न घालता दुचाकी चालवणाऱ्या एका अल्पवयीन मुलाला वाहतूक हवालदाराने अडविले. त्या रागातून त्याच्या डोक्यावर प्रहार करण्यात आला. आठवड्याभराने, ३१ ऑगस्टला, त्या हवालदाराने प्राण सोडला. महाराष्ट्र हळहळला. पोलिसांच्या पत्नी उघडपणे बोलू लागल्या, कारण पोलिसांना स्वतःला ती मुभा नाही. १९८२ साली मुंबईतील पोलिसांनी आपल्या मागण्यांसाठी बंड पुकारले, तेव्हा त्यांची संघटना मोडून काढण्यात आली होती. ज्यांच्यावर सर्वांचा आवाज ऐकण्याची जबाबदारी आहे, त्यांना स्वतःचा आवाज नाही.

याची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या बंदला हिंसक वळण लागले. पोलिसांनी वस्त्यांत शिरून धरपकड केली. अटक झालेल्यांपैकी कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनात त्याच्या अंगावर अनेक जखमा आढळल्या. गुन्हा दाखल व्हावा म्हणून त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावे लागले, आणि २०२५ च्या जुलैमध्ये न्यायालयाने तसा आदेश दिला. खारमधील हवालदाराची पत्नी आणि परभणीतील ही आई यांच्या दुःखात निवड करा, असे आपल्याला कोणी सांगत असेल, तर ते सांगणे आपण नाकारले पाहिजे.

एकाच रात्रीच्या दोन घटना

या प्रश्नावर शुभवर्तमानाचा प्रकाश कसा पडतो? पवित्र गुरुवारच्या रात्री गेथशेमनी बागेत प्रभू येशूला पकडण्यासाठी माणसे आली. पेत्राने तलवार उपसून प्रमुख याजकाच्या दासाचा कान कापला. त्या दासाचे नाव मल्ख होते, हे संत योहान आवर्जून सांगतो. अटक अन्यायाची होती, पेत्राचा संताप स्वाभाविक होता. तरीही प्रभूने पेत्राला तलवार म्यान करावयास लावले. संत लूक सांगतो की, प्रभूने त्या माणसाच्या कानाला स्पर्श करून तो बरा केला. आपल्याला अटक करावयास आलेल्याची जखम प्रभूने भरून काढली.

त्याच रात्री, थोड्याच वेळाने, तोच प्रभू बांधलेल्या अवस्थेत हन्नापुढे उभा होता. तेथील एका शिपायाने त्याच्या तोंडावर चपराक मारली. या वेळी प्रभू गप्प राहिला नाही. माझे बोलणे चुकीचे असेल तर तसे सिद्ध कर आणि योग्य असेल तर मला का मारतोस, अशा अर्थाचा प्रश्न त्याने त्या शिपायाला विचारला. कोठडीतील मारहाणीविरुद्ध विचारला गेलेला याहून थेट प्रश्न आम्हांस ठाऊक नाही. पुरावा काय आणि मारण्याचा अधिकार कोणता, या दोन गोष्टी त्यात आल्या. आपली न्यायालये आजही हेच विचारतात.

ही दोन्ही कृत्ये एकाच प्रभूची, एकाच रात्रीची आहेत. मल्खाच्या कानाला हात लावणारा आणि चपराकीचा जाब विचारणारा येशू वेगवेगळा नाही. ज्याला पोलिसांच्या जखमेचे दुःख होते, त्यालाच पोलिसांना प्रश्न विचारण्याचा नैतिक अधिकार प्राप्त होतो. आणि जो जाब विचारीत नाही, त्याचे पेढे पोलिसांच्या काही कामाचे नाहीत. ते त्यांना अधिक खोल गर्तेत नेतात.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडावयास सांगितले नाही. जुलमाने कोणाचे काही घेऊ नका, खोटे आरोप करू नका, आपल्या वेतनात समाधान माना, एवढेच त्याने सांगितले. पोलिसांचा पेशा हा प्रामाणिकपणे करता येण्यासारखा पेशा आहे, ही ख्रिस्तसभेची धारणा आहे. १९४९ साली परमगुरुस्वामी बारावे पायस यांनी महादूत संत मायकल यांना इटलीतील पोलिसांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. मात्र कबुलीजबाब मिळविण्यासाठी वा सूड उगविण्यासाठी केलेला छळ मानवी प्रतिष्ठेविरुद्ध आहे, हेही ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ निःसंदिग्ध शब्दांत सांगतो.

कायदा आहे, अंमल कोठे आहे?

चांगल्या पोलीस व्यवस्थेसाठी काय हवे, हे आपल्या देशाला माहीत नाही असे नाही. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नावाची पट्टी असावी, अटकेचा पंचनामा व्हावा, नातेवाइकाला कळविले जावे, कोठडीतील व्यक्तीची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १८ डिसेंबर १९९६ रोजीच सांगितले. २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग खटल्यात तपासाचे काम आणि बंदोबस्ताचे काम वेगळे करण्याचे, तसेच पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचे आदेश झाले. २०२० साली प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसविण्याचा आदेश झाला.

चकमकींविषयीचे नियम तर महाराष्ट्राच्याच प्रकरणातून जन्मले. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत सुमारे ९९ चकमकींत १३५ जण मारले गेले. त्यावरील याचिकेचा निकाल २३ सप्टेंबर २०१४ रोजी लागला आणि अशा प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी बंधनकारक झाली. बदलापूरच्या आरोपीचा मृत्यू त्या निकालाला बरोबर दहा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी झाला. तारखांचा हा योगायोग असेल. आपली विस्मृती मात्र योगायोग नाही.

पोलिसांच्या हालअपेष्टांवरील उपायही असेच अर्ध्या वाटेवर राहतात. बारा-बारा तासांची पाळी, सणावारी बंदोबस्त, पडझड झालेली घरे हे त्यांचे रोजचे जिणे. २०१६ साली मुंबईतील एका पोलीस शिपायाने अभ्यास करून आठ तासांच्या पाळीची योजना मांडली. आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती देवनार पोलीस ठाण्यात राबविली व नंतर शहरभर नेली. पुढे करोनाच्या काळात ती मागे पडली. झोप न मिळालेला माणूस समोरच्याशी सौजन्याने बोलेल, ही अपेक्षा कितपत रास्त आहे?

आपण काय करावे?

पोलीस आणि लोक यांच्यातील अंतर कमी करता येते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९८४ च्या दंगलीने होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चळवळ रुजविली. त्याच भिवंडीत २००६ साली चार जीव गेले, यावरून असा संवाद सतत जागता ठेवावा लागतो, हा धडा घ्यावयाचा.

आमच्या धर्मग्रामांनी तीन गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवितो. पहिली, जवळच्या पोलीस ठाण्याशी आपला संबंध केवळ मिरवणुकीचा परवाना काढण्यापुरता नसावा. शांतता समितीत आपली माणसे नियमाने बसावीत. दुसरी, तक्रार नोंदविताना एकट्या पडलेल्या माणसाबरोबर, तो कोणत्याही धर्माचा असो, आपल्यातील कायदा जाणणारे कोणीतरी ठाण्याच्या पायरीपर्यंत जावे. बदलापूरच्या पालकांना त्या दिवशी नेमकी हीच सोबत हवी होती. तिसरी, रविवारच्या मिस्सातील विनवण्यांत कर्तव्य बजावताना जखमी झालेल्या पोलिसांसाठी आणि कोठडीत मार खाणाऱ्यांसाठी एकाच श्वासात प्रार्थना व्हावी.

पुढच्या वेळी, आणि दुर्दैवाने पुढची वेळ येणारच आहे, कोणी आपल्या हाती दगड देईल किंवा पेढा देईल. दोन्ही नाकारावयाचे बळ प्रभू आपणांस देवो. पेत्राची तलवार म्यानात राहो, मल्खाची जखम भरून येवो, आणि बांधलेल्या माणसाला चपराक मारणाऱ्याला त्याचे कारण विचारण्याचे धैर्य आपल्यापैकी प्रत्येकाला लाभो.