पुड्यावरची मुलगी आणि चित्रातली लेक

१/७
पार्ले-जीच्या पुड्यावरची गोबऱ्या गालांची मुलगी नागपूरची आहे, ही कथा समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षे फिरत आहे. एका नागपूरकर महिलेचे, बालपणी वडिलांनी टिपलेले छायाचित्र पुड्यावर छापले गेले, असे त्यात सांगितले जाते. कंपनीने मात्र हे नाकारले आहे. तिच्या म्हणण्यानुसार ते १९६०च्या दशकात चित्रकार मगनलाल दैया यांनी काढलेले काल्पनिक चित्र आहे.

२/७
जी मुलगी नव्हतीच, तिला लोकांनी नाव, गाव आणि वडीलही दिले. पण जी खरोखर चित्रकारासमोर उभी राहिली, तिचे काय झाले? त्यासाठी म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलासंग्रहालयात जावे लागेल.

३/७
तेथे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातील चित्र आहे. एका स्त्रीच्या हातात दिवा आहे. दुसऱ्या हाताने तिने ज्योतीला आडोसा केला आहे आणि बोटांतून लालसर उजेड झिरपतो आहे. चित्रकार सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८). दिवा घेऊन उभी राहिली ती त्यांची लेक गीता, म्हणजे पुढे कोल्हापूरच्या गीताताई उपळेकर.

४/७
तरीही हे चित्र राजा रविवर्मा यांचे म्हणून सर्रास सांगितले जाते. वास्तविक ही चूक साध्या वजाबाकीने दूर होते. रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले. गीताताईंचे निधन २०१८ मध्ये, वयाच्या १०२व्या वर्षी झाले. म्हणजेच त्यांचा जन्म रविवर्मांच्या मृत्यूनंतर सुमारे दहा वर्षांनी झाला. चित्रातली लेकच बापाच्या कर्तृत्वाचा सर्वांत भक्कम पुरावा ठरते.

५/७
नाव टिकणे मात्र बहुधा घराण्यावर अवलंबून असते. इंग्लंडमध्ये मिले यांनी १८८६ मध्ये साबणाचे फुगे पाहणारा आपला नातू रंगवला. पेअर्स साबणाच्या जाहिरातीने ते चित्र जगभर नेले. तो मुलगा पुढे नौदलात ॲडमिरल झाला, तरी ‘बबल्स’ हे टोपणनाव सुटले नाही. उलट पॅरिसमध्ये देगाच्या नर्तिकेच्या शिल्पासाठी उभी राहिलेली मारी व्हान गोएतेम ही धोबिणीची लेक. १८८२ मध्ये ऑपेरातून काढून टाकल्यानंतर ती इतिहासातून जवळजवळ नाहीशी झाली.

६/७
कलाकृती श्रेष्ठ असेल, तर समोर कोण उभे होते याला महत्त्व काय, असा आक्षेप घेतला जातो. तो मान्य होण्यासारखा नाही. तासन्‌तास निश्चल राहणे हे श्रमच आहेत आणि मुलांना त्यासाठी होकार-नकार क्वचितच विचारला जातो. चित्राखालच्या पाटीवर चित्रकार, वर्ष आणि माध्यम यांच्यासोबत, ठाऊक असेल तेव्हा, त्या व्यक्तीचे नावही असायला हवे. त्या नावात माणसाचा मान आहे आणि इतिहासाचा पुरावाही.

७/७
‘ही मुलगी कोण?’ हा नागपूरच्या कथेमागचा प्रश्न मुळात योग्यच होता. चूक झाली ती पुराव्याआधी उत्तर स्वीकारण्यात. तोच प्रश्न दिवा धरलेल्या लेकीविषयी वेळीच विचारला गेला असता, तर तिच्या वडिलांचे चित्र दुसऱ्याच्या नावावर इतकी वर्षे फिरले नसते.