शादलू गेला म्हणून भिंत पडली?

प्रो कबड्डीचा लिलाव जवळ आला की नाशिकमधले कबड्डीवेडे दोन गटांत वाटले जातात. शहराची स्वतःची टीम नाही, त्यामुळे काही पुणेरी पलटणचे, काही यू मुम्बाचे. एका वाक्यावर मात्र दोन्ही गटांतली बरीच डोकी एकत्र माना डोलावतात: ‘पलटणने शादलूला सोडलं, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.’

हे वाक्य चूक आहे. नुसतं चूक नाही, आपण कबड्डीचा बचाव कसा बघतो याचं ते वाईट लक्षण आहे.

आधी ज्यात वाद नाही ते मान्य करू. इराणचा मोहम्मदरेझा शादलू हा या पिढीतला सर्वांत घातक डावा कॉर्नर आहे. 2023च्या लिलावात पलटणने त्याच्यासाठी 2 कोटी 35 लाख मोजले. त्या हंगामात त्याने 99 टॅकल पॉइंट काढले, लीगमध्ये सर्वाधिक. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिल्यांदा ट्रॉफी उचलली. मग पुढच्या हंगामासाठी त्याला कायम ठेवलं नाही. 2024च्या लिलावात हरियाणाने त्याला 2 कोटी 7 लाखांना घेतलं आणि त्याच वर्षी 29 डिसेंबरला पाटणा पायरेट्सला हरवून विजेतेपद मिळवलं. तेही कुठे? बालेवाडीत, पलटणच्या घरच्या मॅटवर. पलटण तेव्हा प्लेऑफमध्येही नव्हती. चाहत्यांच्या जखमेवर मीठ चोळायला एवढं पुरेसं होतं.

इथे बहुतेकांचा हिशेब संपतो. शादलू होता तेव्हा जिंकलो, गेला तेव्हा हरलो, ज्याच्याकडे गेला तो जिंकला. खटला निकाली.

पण खटल्याचं पुढचं पान उलटा. 2025च्या लिलावात गुजरात जायंट्सने शादलूसाठी 2 कोटी 23 लाख दिले. खेळाडू तोच, त्याची पकडही तीच. बारा संघांच्या लीगमध्ये गुजरात पहिल्या आठातही आला नाही. आणि ज्या पलटणने ‘पायावर धोंडा’ मारून घेतला होता, ती शादलूशिवाय अंतिम फेरीत पोचली. 31 ऑक्टोबर 2025ला दबंग दिल्लीकडून 28-31 अशी हरली, म्हणजे फक्त तीन गुणांनी. एकट्या माणसाने भिंत उभी राहते, हा सिद्धांत खरा असता तर हा निकाल उलटा लागायला हवा होता.

मग हरियाणा कसा जिंकला? कारण हरियाणाची भिंत आधीपासून उभी होती. जयदीप दहिया, मोहित नांदल, राहुल सेठपाल हे तिघे 2024च्या मार्चमधल्या त्या हरलेल्या फायनलमध्येही हरियाणाकडूनच खेळले होते. त्या भिंतीला एक वीट कमी होती, ती शादलूच्या रूपाने बसली. पलटणच्या विजेत्या बचावाचंही तसंच. उजव्या कॉर्नरला गौरव खत्री, उजव्या कव्हरला अबिनेश नादराजन, डाव्या कव्हरला संकेत सावंत. त्यातले गौरव आणि अबिनेश पुढेही टिकले. 2024च्या अपयशाचं खापर फोडायचंच असेल, तर कर्णधार अस्लम इनामदार त्या हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर बसला होता, हेही बोला. लिलावाच्या वादात हे कुणी काढत नाही, कारण दुखापतीला कोटींचा आकडा चिकटलेला नसतो.

मुळात टॅकल म्हणजे काय ते एकदा नीट बघा. रेडर आत आला, बोनस रेषेकडे पाय टाकला. आपल्याला दिसतो तो घोटा पकडणारा कॉर्नर. पण त्याआधीच्या दोन सेकंदांत कव्हर अर्धं पाऊल पुढे सरकलेला असतो आणि रेडरची परतीची वाट अरुंद झालेली असते. घोटा धरला गेला त्या क्षणी कव्हर आणि शेजारचा इन अंगावर कोसळले नाहीत, तर ताकदवान रेडर पकडणाऱ्याला फरफटत मध्यरेषेपर्यंत घेऊन जातो. मग टॅकलच्या गुणाऐवजी आपला माणूस बाहेर जातो. पकड यशस्वी झाली की टॅकल पॉइंट एकाच्या नावावर लागतो, रील त्याची निघते आणि पुढच्या लिलावात भावही त्याचाच वाढतो. वाट अडवणाऱ्याच्या खात्यावर काहीच जमा होत नाही. म्हणून स्कोअरकार्ड वाचून बचावावर बोलणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत फक्त वाढप्याचं कौतुक करून आचाऱ्याला विसरणं.

कोणी म्हणेल, चाहत्यांनी एवढा विचार कशाला करायचा? मजा म्हणून बघतो, मजा म्हणून भांडतो. ठीक. पण आपल्या भांडणाचे परिणाम टीव्हीपुरते राहत नाहीत. नाशिकचा आकाश शिंदे पलटणकडून खेळला, हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. त्याला बघून इथली पोरं मैदानावर येतात, हे चांगलंच आहे. पण त्यातल्या बहुतेकांना रेडर व्हायचंय. उरलेल्यांना कॉर्नर, म्हणजे शादलू. कव्हरला उभं राहायला कुणी आपणहून पुढे येत नाही. का यावं? गावच्या स्पर्धांची बक्षीसंही ठरलेली: उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, अष्टपैलू खेळाडू. साखळीतल्या दुसऱ्या हाताला ना बक्षीस, ना स्टेटस, ना कुणाच्या तोंडी नाव. पोरांना आपण शिकवतो की हात तू टाक, बाकीचे बघतील. मग जिल्ह्याच्या निवड चाचणीत एकेकटा चांगला दिसणारा बचाव सामन्यात दहा मिनिटांत लोण खातो आणि आपण म्हणतो, पोरांत दम नाही.

त्यामुळे पुढच्या लिलावाच्या रात्री भांडायचं तर जरूर भांडा, पण प्रश्न बदला. ‘शादलू कितीला गेला?’ याच्या आधी विचारा, ‘कव्हरची जोडी कायम ठेवली का? कॉर्नर आणि कव्हर किती हंगाम एकत्र खेळलेत?’ पलटणला शिव्या द्यायच्या तर त्या जोडी मोडल्याबद्दल द्या. एक महागडा माणूस सोडला म्हणून नको.

आणि नाशिकमधल्या मंडळांकडे एक थेट मागणी. यंदाच्या स्पर्धेत आणखी एक बक्षीस ठेवा: उत्कृष्ट साखळी. दोघांना मिळून, दोघांची नावं माइकवर पुकारून. सायकल नाही परवडली तरी चालेल, दोन टी-शर्ट द्या. पण नाव कव्हरचं आधी घ्या.