समुद्राला वीसपट शिसं कशासाठी?



ठाण्याच्या खाडीत पुन्हा मेलेले मासे वर आले. अहवालही ठरलेलाच: पाण्याचे नमुने मर्यादेत. मासे प्राणवायूविना गुदमरले म्हणतात. असेलही. आमचा प्रश्न मेलेल्यांचा नाहीच. जे जगले ते बाजारात येतात.

ही मर्यादा एकदा स्वतः वाचा. पर्यावरण (संरक्षण) नियम, 1986, सहावी अनुसूची. सांडपाणी नदी-तलावात सोडायचं तर लिटरमागे शिसं 0.1 मिलिग्रॅम. समुद्रात सोडायचं तर 2 मिलिग्रॅम. वीसपट! जस्त नदीला 5, समुद्राला 15. हेक्साव्हॅलंट क्रोमियम 0.1 वरून थेट 1. पाणी खारट झालं की विष गोड होतं, असं शास्त्र कुणीतरी शिकून आलेलं दिसतं.

"समुद्र मोठा आहे हो, पातळ होतं सगळं." बरं, शांतपणे सांगतो. धातू बारीक गाळाला चिकटतो आणि बराचसा जवळपासच तळाला बसतो. त्यातून ठाण्याची खाडी म्हणजे काही भर अरबी समुद्र नव्हे. ओहोटीला गेलेलं पाणी भरतीला परत येतं. तिथेच तिसऱ्या नि कालवं पाणी गाळून पोट भरतात, शिसं-कॅडमियम अंगात साठवतात. पाऱ्याचा तर चिखलातले जिवाणू मिथिलपारा करतात आणि तो लहान माशातून मोठ्यात चढत चढत आपल्या ताटात येतो. आणि तपासायला नेतात काय, तर वरचं बाटलीभर पाणी!

"पातळ होतं" हाच शहाणपणा जपानच्या मिनामाताला झाला. पारा साठलेल्या माशांतून होणारा रोग तिथे 1956 साली उघड झाला. 1958 मध्ये कारखान्याने सांडपाण्याचं तोंड उपसागरातून नदीच्या मुखाकडे वळवलं. मग त्या बाजूच्या गावांतही रोगी निघाले. पारा सोडणं थांबलं ते 1968 साली.

"गणपतीच्या रंगातही शिसं असतं की!" हे हमखास ऐकवतात. असतं, तेही बंद करा. पण गणपती दहा दिवसांचे, सांडपाण्याचे पाइप बारमाही. आणि "मग मासे कमी खा" म्हणणाऱ्यांनी गुडघाभर चिखलात तिसऱ्या काढणाऱ्या बाईला विचारावं, घरी दुसरं कालवण कशाचं करतेस.

आमची मागणी: नदीला जो आकडा, तोच समुद्राला. गाळ आणि शिंपले दर हंगामात तपासा. निकाल मराठीत लिहून बंदरावर लावा, मासळीच्या भावाच्या फळ्याशेजारी.